पोटातली गर्दी

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहायला लागलं, की भिजायचं आणि मग तिखटमीठ-लिंबू चोळलेलं गरमागरम कणीस खायचं! पण दोस्तांनो, ते कणीस तुम्ही एकट्याने खाता असं वाटतं का तुम्हाला? मुळीच नाही. त्यातला चोथा तुम्हाला पचतच नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्यातलं जमेल तेवढं फस्त करतात आणि बदल्यात ब्युटिरिक आम्ल तयार करतात. या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच तर जगतात!

मोठ्या माणसाच्या अंगात असे सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. सगळ्यांचं मिळून वजन किती? जेमतेम २०० ग्रॅम! त्यातल्या एकाची ओळख आपल्या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जगाला करून दिली. निरोगी माणसांच्या शीमधून त्यांनी तो वेगळा काढला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, मेगास्फेरा इंडिका. हो, शीमधून! नाक मुरडू नका, पुढे तर याहून मोठी गंमत आहे. या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याला बिनऑक्सिजनच्या बंद जागेत वाढवावं लागतं.

आता लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडा. वाटेत पिंपरी लागेल. तिथे १९५४ मध्ये ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्याकडे बनू लागलं. पेनिसिलीन येण्याआधी साधी जखम चिघळूनही माणसं दगावत. पेनिसिलीन जिवाणूला त्याच्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाही, मग तो फुटून मरतो. फार मोलाचं औषध! अडचण एकच. अँटिबायोटिक गोळी पोटात गेली, की घशातल्या शत्रूबरोबर आतड्यातले मित्रही मरतात.

कोपनहेगनमध्ये शास्त्रज्ञांनी १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक्स देऊन पाहिली. दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परतले. पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत!

गच्च भरलेल्या लोकलमध्ये नव्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही ना? भरलेल्या आतड्यातही तसंच. डबा रिकामा झाला, की ‘सी. डिफिसिल’ नावाचा दांडगट जिवाणू हातपाय पसरतो. जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात तो औषधातूनही तगतो, मग विष सोडतो. जुलाब थांबता थांबत नाहीत.

मग डॉक्टरांनी काय केलं? निरोगी माणसाची शी घेतली, कसून तपासली, मिठाच्या पाण्यात कालवली, गाळली आणि नळीतून रुग्णाच्या आतड्यात सोडली! अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९५८ साली बेन आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार अत्यवस्थ रुग्णांवर असाच उपाय केला आणि ते बरे झाले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १६ जणांवर हा उपचार केला. त्यातले १३ एकाच खेपेत बरे झाले, दुसऱ्या खेपेनंतर आणखी दोघे. मला तर ही वैद्यकातली सर्वांत धाडसी कल्पना वाटते. आता अमेरिकेत यासाठी गिळायच्या कॅप्सूलही मिळतात, २०२३ पासून. मात्र दात्याच्या शीमध्ये रोगजंतू असले तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे काम फक्त डॉक्टरांचं.

सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तेव्हा कपाटात उरलेली गोळी आपल्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांनी दिली, तर सांगितली तशी आणि तितकेच दिवस घ्या. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की डॉक्टरांना नक्की विचारा, “काका, माझा आजार जिवाणूंचा की विषाणूंचा?”