पत्ता एकच का? : जव्हार-मोखाड्यात सॉफ्टवेअर-रचना शिकवताना

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा जव्हार-मोखाड्यातली भातकापणी उरकत आलेली असेल. नागली-वरई घरात येईल आणि दिवाळी सरली की पाड्यापाड्यांवर टेम्पो लागतील. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं निघतील. कोणी होळीला परततील, कोणी पावसाच्या तोंडावर. मी या भागात पदवीच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवतो. सॉफ्टवेअरची रचना आणि विकास हा माझा विषय. त्या टेम्पोचा माझ्या विषयाशी काही संबंध असेल असं मला पहिली काही वर्षं वाटलंच नव्हतं. तो कसा लक्षात आला आणि त्यामुळे माझं शिकवणं कसं बदललं, ते इथे मांडतो.

आधी विषयाबद्दल थोडं. प्रोग्रॅम लिहिणं आणि सॉफ्टवेअरची रचना करणं यांत गवंडीकाम आणि घराचा आराखडा यांच्याइतकं अंतर आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे 'नाटो'च्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि तिथून 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्द रूढ झाला. मोठे प्रकल्प वेळेत होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, चुका सापडत नव्हत्या. त्यानंतर चार वर्षांनी, १९७२ साली, डेव्हिड पार्नास यांनी एका छोट्या निबंधात एक साधी गोष्ट सांगितली : प्रणालीचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नका, पुढे जे बदलण्याची शक्यता आहे ते ओळखा आणि त्यातला एकेक निर्णय एकेका भागात बंद करून ठेवा. म्हणजे बदल झाला तरी तो तेवढ्याच भागात राहतो. आजही हा विषय शिकवणाऱ्याला यापासून सुरुवात करावी लागते.

अडचण पुढे येते. काय बदलणार आहे, हे ओळखायचं कसं? ते पुस्तकात नसतं. ते ज्या जगासाठी सॉफ्टवेअर करायचं त्या जगात असतं.

आमची पाठ्यपुस्तकं उदाहरणं देतात ती ग्रंथालयाची, हॉटेलच्या आरक्षणाची, एटीएमची. मीही तीच देत होतो. हॉटेलात खोली आरक्षित करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर कधी आला नाही अशी मुलं हॉटेलच्या आरक्षणाच्या आकृत्या पाठ करून परीक्षेत काढत. आकृत्या बरोबर असत. त्यांवर एकही प्रश्न कोणी विचारत नसे, आणि प्रश्न न पडणं हे रचनेच्या वर्गात वाईट लक्षण आहे.

एके वर्षी उदाहरण बदलायचं म्हणून मी अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदवहीचा विषय दिला. 'बालक' नावाचा तक्ता फळ्यावर काढला : नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव, वजन. मोखाड्याकडची एक मुलगी उठली. "सर, गाव एकच का लिवायचं?" मी म्हटलं, पत्ता एकच असतो. ती म्हणाली, "आमचे दोन असतात. दिवाळीच्या आधीचा आन् नंतरचा."

त्या तासाला पुस्तकातलं पुढचं प्रकरण झालं नाही.

या प्रश्नाचं गांभीर्य इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याचं नाव राज्यभर गेलं. तेव्हापासून इथे मूल वजनकाट्यावर ठेवणं ही नुसती कागदोपत्री बाब राहिलेली नाही. मुलाचं एका महिन्याचं वजन फारसं काही सांगत नाही. चार-सहा महिन्यांची रेघ वर जाते की खाली, हे सांगतं. आणि नेमकी ती रेघ स्थलांतराच्या महिन्यांत तुटते. 'गाव' हा एकच रकाना असला, तर मूल भट्टीवर गेल्यावर दोनच मार्ग उरतात : गाव बदला, म्हणजे जुनं गाव पुसलं जातं; किंवा बदलू नका, म्हणजे मूल कागदावर गावात आणि प्रत्यक्षात भिवंडीत.

वर्गाने उत्तर शोधलं ते असं. 'बालक' हा एक तक्ता. 'मुक्काम' हा दुसरा : कोणतं बालक, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत. 'वजन' हा तिसरा : कोणतं बालक, कोणत्या दिवशी, कुठे मोजलं, किती भरलं. जुनी ओळ कधी खोडायची नाही. नवी खाली जोडायची. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत जुनी रक्कम कोणी खोडत नाही, तसंच. असं केलं की मूल कुठेही असो, वजनाची रेघ अखंड राहते. पार्नास यांचं सूत्र मुलांनी वाचण्याआधी वापरलं होतं : बदलतो तो मुक्काम, म्हणून मुक्काम वेगळा काढा.

मग जन्मतारखेकडे आलो. महाराष्ट्रातल्या शाळांच्या दाखल्यांवर १ जून या तारखेची गर्दी का असते, ते आपल्याला माहीत आहे. तारीख ठाऊक नसली तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही. वर्गातही तशी मुलं होती; हसू पिकलं. मग आम्ही हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढ-मानकांनुसार ३० महिन्यांच्या मुलग्याचं वजन १०.५ किलोपेक्षा कमी असेल तर तो कमी वजनाचा ठरतो. २४ महिन्यांच्या मुलग्यासाठी हीच सीमा ९.७ किलो आहे. आता १० किलोचा एक मुलगा घ्या. खरं वय ३० महिने असेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. अंदाजाने वय २४ महिने लिहिलं तर तो 'साधारण'. मूल तेच, काटा तोच. चूक फक्त सक्तीने भरलेल्या रकान्याची. हसू थांबलं. मुलांनी तारखेशेजारी आणखी एक रकाना जोडला : 'कशावरून?' जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, की आईने सांगितलेला सण. तारीख अंदाजाची असेल तर प्रणालीने ते लपवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

सगळं असं सरळ झालं नाही. पहिल्या वर्षीच्या गटाने मोबाइलवर चालणारा नमुना केला. सगळी नावं काल्पनिक होती. खऱ्या मुलांची माहिती सरावासाठी घ्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. नमुन्यात बावीस रकाने, सगळ्यांपुढे तांबडी फुली, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिवाय प्रत्येक पानाला नेटवर्क लागायचं. एका सेविकाताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "हे भरेस्तोवर पोर काट्यावरून उतरून घरी जाईल." मग त्यांनी आपली वही उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, कोणत्याही नमुन्यात नसलेली यादी होती : कोण गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठे, आणि परतल्यावर पुढे एक टिंब. आमचा 'मुक्काम' तक्ता त्या पानावर आधीपासूनच होता. वर्गात शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले होते.

वापरणाऱ्यालाच रचनेत बसवावं, ही कल्पनाही नवी नाही. नॉर्वेचे क्रिस्टन नीगार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धातुकामगारांच्या संघटनेबरोबर हेच काम केलं. यंत्र कसं असावं यात कामगाराचा शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे २०२१च्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो चढवायची पद्धत १ जानेवारी २०२३पासून सर्वत्र सक्तीची झाली. हेतू चांगले असतील. पण खोऱ्यातल्या कामावर नेटवर्क नसेल तर हजर मजूर गैरहजर ठरू शकतो. स्थलांतरित लाभार्थ्यांच्या मागोव्यासाठी महाराष्ट्राने वेगळी प्रणालीही आणली, म्हणजे दोन पत्त्यांचा प्रश्न शासनालाही उमगला आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी या प्रणालींना पर्याय उभा करावा, असा माझा दावा नाही. त्यांनी त्या वाचाव्यात, एवढंच : रकाना कोणी ठरवला, का ठरवला, आणि त्यात कोण मावत नाही.

एक आक्षेप विद्यार्थ्यांचाच आहे, आणि तो खरा आहे. "सर, पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत अंगणवाडी कोण विचारणार?" त्यांना नोकरी हवी आहे, घरच्यांनी त्यासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो. म्हणून ऑनलाइन दुकानाचं उदाहरणही मी शिकवतो, पण नंतर. ग्राहकाने घर बदललं तर मागच्या वर्षीच्या बिलावरचा पत्ता बदलावा का? बदलू नये, माल जिथे पोचला तोच पत्ता तिथे राहिला पाहिजे. मुलं लगेच म्हणतात, हा तर मुक्कामाचाच प्रश्न. जे पाड्यावर समजलं ते दुकानात वापरता येतं. उलट्या दिशेने मात्र मला तो प्रवास फारसा दिसलेला नाही.

डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ साली लिहिलं, की प्रोग्रॅमचा गाभा कागदावर नसतो, करणाऱ्यांच्या समजुतीत असतो; ती माणसं गेली की प्रोग्रॅम निर्जीव होतो. आमची तुकडी दरवर्षी जाते. म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तीत 'काय केलं' नाही, 'का केलं' लिहायचं. 'कशावरून?' हा रकाना का आला, बावीस रकान्यांचे सात का झाले, हे नवी तुकडी तिथे वाचते आणि कधी कधी खोडून भांडते.

त्या वहीतली एक नोंद माझ्याबद्दल आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक विद्यार्थी तीन आठवडे आला नाही. मी हजेरीपटावर 'गै' लिहीत गेलो. पंच्याहत्तर टक्क्यांच्या नियमात त्याची परीक्षा अडली असती. तो आई-वडिलांना भट्टीवर सोडायला गेला होता आणि उचल फिटेना म्हणून त्यांच्याबरोबर विटा थापत राहिला होता. परतल्यावर त्याने माझा पट पाहिला आणि वहीत लिहिलं : 'सरांच्या तक्त्यात हजर आणि गैरहजर असे दोनच पर्याय आहेत. मुक्काम नाही.'

त्याची परीक्षा झाली. त्यासाठी मला दोन अर्ज आणि बरीच रदबदली करावी लागली. यंदा माझ्या हजेरीपटाला शेवटचं एक पान जोडलं आहे. ते पेन्सिलीने भरायचं आहे.