कमी दिवसांच्या बाळाचे डोळे आणि सरकारी मदत

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे जशी कच्ची असतात, तसाच त्याच्या डोळ्याचा पडदाही कच्चा असतो. या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, रक्तवाहिन्या गर्भात साधारण सोळाव्या आठवड्यापासून मध्यातून कडेकडे वाढू लागतात. नाकाकडची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात. कानाकडची कड गाठायला चाळिसावा आठवडा उजाडतो. बाळ आधीच बाहेर आले की ही वाढ मध्येच थबकते, आणि श्वासासाठी दिलेला ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेला तर आणखीच खुंटते. पुढे काही आठवड्यांनी रक्त न पोचलेला भाग रक्तासाठी रासायनिक हाक देऊ लागतो. त्या हाकेला ओ देऊन ज्या नव्या वाहिन्या फुटतात, त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांच्या ओढीने पडदा सुटला की दृष्टी जाते. या आजाराचे नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी. दवाखान्यात त्याला आरओपी म्हणतात. बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी १९४२ साली त्याचे पहिले वर्णन केले.

आजाराचे पाच टप्पे आहेत. पहिल्या दोन टप्प्यांतली बहुतेक बाळे आपोआप बरी होतात. ज्यांचा आजार वाढत जातो, त्यांना एका ठरावीक पातळीला लेझर द्यावे लागते, तेही निदान झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत. पाचव्या टप्प्यात, पडदा पूर्ण सुटल्यावर, शस्त्रक्रिया केली तरी उपयोगी नजर क्वचितच मिळते. सरकारी मदत मागणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवे. मोतीबिंदूची फाइल महिनाभर रखडली तर माणूस महिनाभर अंधुक पाहतो, पण या बाळाची फाइल आठवडाभर रखडली तर त्याचा डोळा कायमचा जाऊ शकतो.

भारतात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तपासावेत, असा नियम आहे. अमेरिकेत ही मर्यादा ३० आठवडे व १,५०० ग्रॅम इतकी खाली आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या, वजनदार बाळांनाही हा आजार गाठतो, कारण ऑक्सिजनवर सगळीकडे सारखी नजर ठेवली जात नाही. पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १,२०० ग्रॅमखालच्या बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहुली मोठी करणारे थेंब दोन-तीनदा घालतात, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, पापण्यांना तारेचा छोटा चिमटा लावतात आणि डोक्याला दिवा बांधलेले डॉक्टर हातातल्या भिंगातून पडद्याची कड न् कड पाहतात. परिचारिका बाळाच्या ओठांना साखरपाणी लावते. बाळ रडते, बाहेर आई रडते. काही मिनिटांत काम संपते. एका फेरीत मात्र भागत नाही. वाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचल्याची खात्री होईपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा यावे लागते.

ही तपासणी सांगायची राहून गेली तर काय होते, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने केला आहे. १९९६ साली चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात, १,२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. तिला घरी सोडताना डोळे तपासून घ्या, असे कुणी सांगितले नाही आणि ती अंध झाली. १ जुलै २०१५ रोजी न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. इतक्या पैशांत किती बाळांची वेळेवर तपासणी झाली असती, हा विचार मनातून जात नाही.

तपासणीचा खर्च कुणी करायचा, याचे उत्तर बाळ कुठे दाखल आहे त्यावर ठरते. सरकारी रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू होतो. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहनाची सोय मोफत आहे. सुरुवातीची तीस दिवसांची मुदत पुढे एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. दुसरा आधार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या ज्या तीस व्याधी तो शोधतो, त्यांत आरओपी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र हे त्याचे दार. तालुक्याच्या गावी पडद्याचा डॉक्टर नसतो, ही खरी अडचण. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन लहान गावांतल्या कक्षांत जातात आणि पडद्याची छायाचित्रे बंगळूरच्या डॉक्टरांकडे पाठवतात. ही वाट अनुकरणीय आहे.

लेझर किंवा शस्त्रक्रिया ठरली की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पुढे येते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही त्यात आली आहेत. पैसे रुग्णाच्या हाती येत नाहीत. ते थेट रुग्णालयाला मिळतात. त्यामुळे आपण गेलो ते रुग्णालय योजनेत आहे का, आणि डोळ्याच्या या उपचारासाठी आहे का, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. हाडांसाठी योजनेत असलेले रुग्णालय डोळ्यांसाठी असेलच असे नाही. १५५३८८ या क्रमांकावर हे कळते.

रुग्णालयाच्या दारातच योजनेच्या आरोग्यमित्राचे टेबल असते. तिथे शिधापत्रिका व आधारकार्ड दाखवले की नोंदणी होते, डॉक्टर पूर्वमंजुरीची मागणी पाठवतात आणि मंजुरी आली की उपचार सुरू होतो. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. ‘७२ तासांत लेझर आवश्यक’ असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहिले, तर ती मागता येते. घाबरलेले आईवडील अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी: बाळाला आधार नाही, शिधापत्रिकेवर नाव नाही, अजून बारसेही झालेले नाही. अशा बाळासाठी जन्माचा दाखला, आईवडिलांची शिधापत्रिका आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो चालतो. जन्मनोंदणी पहिल्याच आठवड्यात करून ठेवली तर ऐन वेळी दाखल्यासाठी जाणारे दिवस वाचतात.

योजनेत न बसलेल्यांसाठी धर्मादाय रुग्णालये आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधे व साहित्याचा निम्मा भार तरी उचलावा लागतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एका दिवसात हाती येत नाही. बाळ काचेच्या पेटीत असतानाच वडिलांनी किंवा मामाने तहसील कचेरीत अर्ज टाकावा. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. खाट नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे. लेखी मागितले की पुष्कळदा खाट सापडते.

लेझरऐवजी काही बाळांना डोळ्यात इंजेक्शन देतात. ते झटपट होते, पण आजार महिन्यांनी उलटू शकतो, म्हणून तपासणीच्या फेऱ्या कितीतरी वाढतात. रोजगार बुडवून शहरात पुन्हा पुन्हा येणे ज्या कुटुंबाला झेपणार नाही, त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. उपचार ठरवताना डॉक्टरांनाही ते कळायला हवे.

आजार शमला तरी या मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा किंवा तिरळेपणा येण्याची शक्यता अधिक असते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी बाळाचे डिस्चार्ज कार्ड दप्तरात असावे, कारण मूल कितव्या आठवड्यात जन्मले हे त्यावरच लिहिलेले असते.