ऑर्किडच्या बियांची दाई

आज एका गणितापासून सुरुवात करू. एका लहानशा रोपाला ३० बोंडे लागली. प्रत्येक बोंडात सुमारे ६,२०० बिया आहेत. म्हणजे एकूण सुमारे १ लाख ८६ हजार बिया झाल्या. त्यांतल्या १२ हजार पोचट म्हणून सोडून द्या. उरलेले प्रत्येक बी रुजले आणि प्रत्येक रोपाला सहा इंच लांब, सहा इंच रुंद जागा दिली, तर किती जमीन लागेल? करून पहा. उत्तर जवळजवळ बरोबर एक एकर येईल.

हे उदाहरण माझे नव्हे, चार्ल्स डार्विनचे आहे. ऑर्किडवरचा त्याचा ग्रंथ १८६२ साली प्रथम निघाला. त्यात त्याने इंग्लंडमधील एका ठिपकेदार ऑर्किडचा हा हिशेब मांडला आहे. त्या रोपाच्या मुलांना एक एकर पुरेल, नातवंडांना अँगल्सी नावाचे अख्खे बेट लागेल आणि पतवंडे पृथ्वीवरील जवळजवळ सारी जमीन झाकून टाकतील! प्रत्यक्षात तसे होत नाही. का होत नाही, हे मात्र डार्विनलाही ठाऊक नव्हते.

ऑर्किडचे बी म्हणजे निव्वळ धूळ. काही जातींच्या दहा लाख बिया एकत्र केल्या, तरी वजन जेमतेम एक ग्रॅम भरते. वस्तू लहान होत जाते तसे तिचे वजन झपाट्याने घटते, पण पृष्ठभाग तितक्या वेगाने घटत नाही. त्यामुळे हवेचा विरोध वरचढ ठरतो. शिवाय या बीच्या जाळीदार आवरणात बहुतेक हवाच असते. म्हणून ते खाली पडत नाही, तरंगत राहते आणि वाऱ्यावर दूरवर जाते.

पण या हलकेपणाची किंमत मोजावी लागते. हरभऱ्याच्या दाण्यात दोन जाड डाळिंब्या असतात, नारळात खोबरे असते. ही कोवळ्या अंकुराची शिदोरी. ऑर्किडच्या बीजवळ अशी शिदोरी जवळजवळ नसतेच. असतो तो थोड्याशा पेशींचा एक इवलासा गोळा. मग हे बी रुजते कसे?

या कोड्याचा उलगडा नोएल बर्नार या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने केला. १८९९ च्या मे महिन्यात फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला पालापाचोळ्याखाली दबलेला ऑर्किडचा एक वाळका दांडा सापडला. त्यावरच्या बोंडांत बिया रुजत होत्या! सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तो काय, रुजलेल्या बियांत बुरशीचे तंतू शिरलेले. इतरांनी रोग म्हणून सोडून दिले असते. बर्नारच्या मनात मात्र प्रश्न आला: बी रुजले म्हणून बुरशी आली, की बुरशी आली म्हणून बी रुजले? पुढे त्याने ती बुरशी वेगळी वाढवली, बियांना दिली आणि दुसरे उत्तर खरे असल्याचे दाखवून दिले. १९११ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला.

आत काय घडते ते पहा. बुरशीचा तंतू बीच्या एका टोकातून शिरतो आणि पेशींमध्ये लोकरीच्या गुंड्यासारखी वेटोळी करतो. तंतूंवाटे बाहेरची साखर व इतर पोषक द्रव्ये आत येतात. काही दिवसांनी पेशी ती वेटोळी चक्क पचवून टाकते! बी फुगते, त्याचा गड्डा होतो आणि पुढे त्याला पाने-मुळे फुटतात. हिरवी पाने आली की रोप स्वतःचे अन्न स्वतः करू लागते. काही जातींना मात्र हिरवी पाने कधीच येत नाहीत. त्या जन्मभर बुरशीच्याच जिवावर जगतात.

तर मग ऑर्किड चोर म्हणायचे का? इतका घाईने निकाल देऊ नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की गुडिएरा या ऑर्किडचे वाढलेले हिरवे रोप आपल्या बुरशीला साखर परतही देते. निदान या जातीत तरी लहानपणी घेतलेले ऋण फेडले जाते.

१९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन याने साखर घातलेल्या निर्जंतुक अगारवर, बुरशीवाचून बिया रुजवून दाखवल्या. बुरशीचे काम साखरेने केले. रोपवाटिकांतली लक्षावधी ऑर्किडे आज बाटलीतच जन्मतात.

पण रानात साखर कोण घालणार? आपल्या सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते. तिची बी वाऱ्याने कुठेही जाईल. रुजेल मात्र तिथेच, जिथे योग्य बुरशी, सावली आणि ओल असेल. लाखो बियांतल्या मोजक्याच तिथे पोचतात. डार्विनच्या गणितात धरायची राहिलेली एक मोठी संख्या हीच!

म्हणून सहलीला गेलात आणि सीतेची वेणी दिसली, तर ती उपटून घरी आणू नका. एखादे वेळी ती घरीही फुलेल, पण तिच्या बियांना तिथे दाई मिळणे कठीण. जुने झाड तुटले की त्याच्या सालीवरची ती न दिसणारी बुरशीही जाते, आणि मग वाऱ्यावर आलेल्या लाखो बिया नुसती धूळच राहतात.