चंदेरी भुताचा पंचनामा

यंत्रशास्त्रात मला फारशी गती नाही; तथापि रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या मोटारीविषयी जे जे छापले गेले ते ते मिळवून वाचण्याचा नाद मला तरुणपणीच जडला, आणि त्या वाचनात उमरावपुत्र रोल्स किंवा कष्टाळू यंत्रज्ञ रॉइस यांच्याहून माझे कुतूहल अधिक चाळवले ते क्लॉड जॉन्सन या गृहस्थाने. १९०४ साली मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात पहिल्या दोघांची गाठ पडली ही कथा सर्वश्रुत आहे. तिसऱ्याला मात्र लोक त्या जोडनावातील संयोगचिन्ह म्हणून ओळखतात, यापलीकडे त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

हा जॉन्सन मूळचा ब्रिटिश मोटार क्लबाचा पहिला चिटणीस. १९०० सालची हजार मैलांची गाजलेली चाचणी त्यानेच भरवली होती, आणि त्रयस्थ तपासनिसाच्या सहीशिक्क्याचे गिऱ्हाइकाच्या मनावर किती वजन पडते, हे त्याला त्या दप्तरात बसूनच उमगले असावे, असा माझा तर्क आहे. पुढे कंपनीचा कारभार हाती आल्यावर १९०७ मध्ये त्याने चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या नमुन्यातील बारावा सांगाडा निवडला, त्यावर बार्कर यांची उघडी बैठक चढवली, तिला ॲल्युमिनियमचा रंग आणि धातूच्या सामानाला चांदीचा मुलामा दिला, आणि ती ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडी स्कॉटलंडच्या चाचणीत उतरवली. तेथे ६२९व्या मैलावर हादऱ्याने पेट्रोलची चावी आपसूक मिटली व गाडी थांबली. त्यानंतर लंडन-ग्लासगो अशा सत्तावीस खेपा करीत, रविवार वगळून अहोरात्र धावत तिने पुढचे १४,३७१ मैल काटले. त्या अवधीत टायरांखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने ती नाइलाजाने थांबली नाही.

खरी मौज यानंतरची. जॉन्सनने गाडी त्याच क्लबाच्या स्वाधीन केली, आणि तज्ज्ञांनी खिळा न् खिळा सोडवून तिचा रीतसर पंचनामा केला. इंजिनात व दातेरी चक्रांत दखल घेण्याजोगी झीज आढळली नाही. सुकाणूच्या सांध्यातली गोळी, पंख्याचा पट्टा, पेट्रोलची गाळणी अशा किरकोळ जिनसा तेवढ्या बदलाव्या लागल्या, आणि त्यांचा एकूण खर्च लागला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. यांतल्या सात पेन्सांवर माझा विशेष लोभ आहे. गोळाबेरीज करून सांगितलेल्या आकड्यावर जाणता मामलेदार कधी विश्वास ठेवीत नाही, आणि जॉन्सन मामलेदाराचाही बाप होता!

असल्या अवजड मोटारीचे सुख वेगात आहे, हा समज मला उथळ वाटतो. ७,०३६ घन सेंटिमीटरांच्या सहा सिलिंडरांना मिनिटाला जेमतेम १,२५० फेऱ्यांत ४८ अश्वशक्ती निर्माण करावयाची असल्यामुळे, आणि सात बेअरिंगांनी पेललेला क्रँकशाफ्ट थरथरत नसल्यामुळे, इंजिनाला हातघाईवर येण्याचा प्रसंगच येत नसे. खर्जात लावलेल्या तंबोऱ्याप्रमाणे त्याचा सूर गतीखाली स्थिर राहावा, एवढेच त्याचे काम. चालक सुकाणूवरच्या दांडीने ठिणगी अलीकडे-पलीकडे करी. इंजिन तापलेले असले तर हँडल मारण्याचीही गरज उरत नसे. विजेची कळ दाबून दांडी किंचित सरकवली की सिलिंडरांत उरलेल्या वायूवरच ते जागे होई. या राजेशाही सौजन्यात एक धोकाही दडलेला होता, आणि स्तुतिपाठक तो सहसा सांगत नाहीत : पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. गाडीचा अजस्र भार आणि हातातली हलकी दांडी यांचा हिशेब चालकाने वळणाच्या पुष्कळ आधी मनाशी मांडला नाही, तर त्या मृदुतेनेच त्याचा घात व्हावयाचा.

या चाचण्यांचे लोण वर्षभरात आपल्या दारी आले. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची याच जातीची गाडी मुंबई-कोल्हापूरच्या ६२० मैलांच्या चाचणीत उतरली. मुंबईहून दख्खनला चढणाऱ्या कोणत्याही वाटेला घाट चुकत नाही, आणि तेव्हाचे घाट बैलगाड्यांच्या बेताने बांधलेले. ती गाडी जिंकली, आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती खरीदली. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसविषयी आपल्याकडे उधळपट्टीच्या कथा फार चघळल्या जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा खऱ्याही असतील. परंतु निदान या सौद्यात तरी दरबाराने सह्याद्रीची परीक्षा उतरलेला माल घेतला, आणि मुंबईच्या बाजारात असा माल कोणत्या गिऱ्हाइकासमोर मांडावा हे विक्रेत्यांना नेमके ठाऊक होते.