अर्ध्या नॅनोमीटरचा जबडा

प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेचं कोलॅजन निम्मं बदलून व्हायला किती काळ लागावा? 2000 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे 117 वर्षांचा. म्हणजे माणूस जातो, कोलॅजन तसंच राहतं. गर्भात मात्र याच जातीचं कोलॅजन काही दिवसांत मोडून काढावं लागतं. एरवी हाडाला जागाच मिळायची नाही.

मांडीचं हाड आधी नुसतं कूर्चेचं असतं. गर्भ आठेक आठवड्यांचा, उणापुरा 3 सेंटिमीटर असताना त्या कूर्चेच्या मधोमध पेशी फुगतात, सुमारे दहापट. मग त्या एमएमपी-13 हे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडू लागतात.

कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पदरांचा दोर, 300 नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. टोकाला टोक लावलं तर मिलिमीटरभर अंतराला 3,300 रेणू लागतील. नवजात बाळाच्या 7 सेंटिमीटरच्या मांडीच्या हाडाइतक्या लांबीला सव्वादोन लाखांच्या वर, तेही एकाच ओळीत. ओळी किती, या हिशेबात मी पडत नाही.

एका दोरात तीन हजारांच्या आसपास जोड असतात. विकर त्यातले तोडतं फक्त तीन: प्रत्येक पदरात एक, तिन्ही लांबीच्या पाऊण भागावर. पंचाईत अशी, की विकराचा जबडा जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरचा. दीड नॅनोमीटरचा दोर त्यात मावायचा कसा? एमएमपी-1 या त्याच्या भावंडाची तऱ्हा 2004 साली उलगडली: आधी तेवढ्यापुरता पीळ सैल करायचा, मग एकेक पदर कापायचा. तुटलेले तुकडे 37 अंशांच्या उबेत आपोआप सुटतात, त्यांचं जिलेटिन होतं. पाया सूपसाठी आपण तासन्‌तास आच लावतो, ते इथे तीन घावांत साधतं!

प्राण्यांच्या शरीरात असं विकर असतं हेच 1962 साली कळलं, तेही बेडकाच्या पिल्लाच्या विरघळणाऱ्या शेपटीत.

जिलेटिन फस्त करायला एमएमपी-9 असतं. 1998 साली ते नसलेले उंदीर तयार केले गेले. कूर्चा हटेना, रक्तवाहिन्या आत शिरायला उशीर झाला, आणि तीन आठवड्यांच्या पिल्लांत फुगलेल्या पेशींचा थर नेहमीच्या आठपट जाड झाला. पुढे ही थकबाकी बरीचशी फिटली, हाडं फक्त दहाएक टक्क्यांनी आखूड राहिली. 2004 साली एमएमपी-13ही काढून घेतलं, तेव्हा मात्र ती फारच तोकडी निघाली.