ई-माउंटन बाईक: हलकी घ्यायची की मोठ्या बॅटरीची?

"बाईक हलकी असेल तर बॅटरी जास्त चालेल ना?" ई-माउंटन बाईक बघायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. उत्तर हो आहे, पण फरक इतका थोडा पडतो की ऐकून आश्चर्य वाटेल.

गणित साधं आहे. समजा तुमचं वजन ७५ किलो आणि बाईक २४ किलोची. एकूण ९९ किलो. हे ओझं १००० मीटर उंच चढवायला निव्वळ २७० वॉट-अवर ऊर्जा लागते. (वॉट-अवर म्हणजे बॅटरीच्या टाकीचं माप समजा.) आता बाईक १८ किलोची घ्या. ऊर्जा लागते २५३. म्हणजे बाईकचं वजन चक्क पाव भागाने घटलं, पण वाचली फक्त ६ टक्के ऊर्जा! कारण चढावर सगळ्यात जड वस्तू बाईक नसतेच, आपण असतो.

मग हलक्या बाईकची बॅटरी पुरते कशी? मोटर मदतच कमी करते म्हणून. २०२० ची स्पेशलाइज्ड टर्बो लेव्हो एसएल बघा: ३२० वॉट-अवरची बॅटरी आणि ३५ न्यूटन-मीटरची मोटर. त्याच कंपनीच्या २०२१ च्या मोठ्या लेव्होत ७०० वॉट-अवर आणि ९० न्यूटन-मीटर. एसएलवर उरलेला जोर तुमच्या पायांतून जातो. मोठ्या बाईकइतकीच मदत मागितली, तर तिची बॅटरी निम्म्या चढणीच्या आसपासच संपेल.

म्हणून माझं मत असं, की वजन कमी करायचं ते रेंजसाठी नाही. ते खरं जाणवतं उतारावर. खडकावरून पुढचं चाक उचलताना, अरुंद वळणावर बाईक झटकन वळवताना, ब्रेक दाबल्यावर ती थांबताना सहा किलोंचा फरक हातांना लगेच कळतो. वाटेत झाड आडवं पडलं असेल, किंवा घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नसेल, तर विचारूच नका. आणि बॅटरी संपलीच तर २४ किलोची बाईक चढावर पायडल मारून नेणं ही शिक्षाच.

दोन तास ट्रेलवर मजा करून परत यायचं असेल आणि पायांत दम असेल, तर हलकी घ्या. दिवसभर डोंगरात फिरायचं असेल, किंवा सोबतचे सगळे मोठ्या मोटरवाले असतील, तर मोठी बॅटरीच हवी. थंडीत लिथियम बॅटरी कमी चालते आणि चिखलात जास्त ऊर्जा जाते, तेही हिशोबात धरा.

हा तिढा हळूहळू सैल होतोय. बॉशची ७५० वॉट-अवरची बॅटरी सुमारे ४.३ किलोची होती, नंतरची ८०० ची सुमारे ३.९ किलोची आहे. काही बाईकना वरून जोडायची छोटी बॅटरीही मिळते. एसएलची तशी बॅटरी १६० वॉट-अवरची आहे, म्हणजे रोजच्या फेरीला ती घरी ठेवायची आणि लांब जायचं असेल तेव्हाच लावायची.

बाईक विमानाने न्यायचा बेत असेल तर मात्र आधीच विचार करा. १६० वॉट-अवरच्या वरची सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, त्यामुळे ३२० काय आणि ७०० काय, दोन्ही घरीच राहतात.