प्लास्टिकला वजन आणताना

सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा आखला गेला दुसऱ्या महायुद्धासाठी, पण त्याचे पहिले नमुने युरोपात पोहोचले मे १९४५ मध्ये, तोवर जर्मनी शरण आली होती. पुढे मात्र कोरियापासून पश्चिम आशियापर्यंत त्याने लढाया गाजवल्या. आपल्याकडे पूना हॉर्स या रेजिमेंटने १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धं त्याच्यावर लढली. सुमारे ५० टनांचं हे धूड एकास पस्तीस प्रमाणात आणलं, की तोफ वगळता जेमतेम २२ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद उरतं. वजन काहीशे ग्रॅम. हे ग्रॅम पाहणाऱ्याला टनांसारखे भासले पाहिजेत, एवढंच मॉडेल करणाऱ्याचं काम.

पस्तीस हा आकडा कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेला नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटार आणि सेल मावतील असा आकार घेतला. नंतर मापं काढली तर ते प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास भरलं. त्यानंतर जगभरच्या कंपन्यांनी तेच उचललं. सेलच्या जाडीने अख्ख्या छंदाचं माप ठरवलं म्हणायचं!

सुटे भाग चौकटीतून कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, जोडायचे. यात हुन्नर आहे, पण बरंचसं काम सवयीचं. गंमत आहे गोंदात. हा गोंद चिकटवत नाही, मॉडेलचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवतो. दोन भाग एकमेकांना भिडवून फटीवर पातळ गोंदाने भिजलेला ब्रश नुसता टेकवला, की द्रव आपसूक आत ओढला जातो. हलकेच दाबलं की मऊ झालेल्या प्लास्टिकची केसाएवढी रेघ बाहेर येते. नवखा ती लगेच पुसायला जातो आणि पृष्ठभागावर बोटाचा ठसा उमटवून बसतो. जाणता रात्रभर हात लावत नाही. सकाळी नको तिथली रेघ खरवडतो, आणि जिथे खऱ्या गाडीवर वेल्डिंग आहे तिथली तशीच ठेवतो. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव पोलादी, त्यामुळे गुळगुळीत प्लास्टिक तिथे खोटं वाटतं. त्यावर पातळ केलेली पुट्टी राठ ब्रशने ठोकत गेलं, की ओतकामाचा खरखरीतपणा येतो.

मग रंग. खऱ्या गाडीवरचा हिरवा जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर तो काळपट दिसतो. म्हणून त्यात थोडा फिका रंग मिसळतात. एवढ्याशा वस्तूवर खोलीतला उजेड ठळक सावल्याही पाडत नाही. त्या रंगवाव्या लागतात: पातळ तपकिरी तैलरंग खाचांत सोडायचा, मग जवळजवळ कोरडा ब्रश फिक्या रंगाने कडांवर फिरवायचा. अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्या कामामुळे ही कोरड्या ब्रशची रीत घरोघरच्या मॉडेलवाल्यांपर्यंत गेली. आज काहीजण तिला जुनाट म्हणतात. जपून वापरली तर तिला अजून तोड नाही.

पण रंग कोणत्या दिवसाचा, हा प्रश्न त्याहून अवघड. समजा, पुण्यात जन्मलेल्या, पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन करायचा आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, रणगाडा पेटला असताना तो सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. २१ व्या वर्षी त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पहिली अडचण खोक्यातच असते. सेंच्युरियनचे अनेक किट १०५ मिलिमीटर तोफेचे आहेत आणि पूना हॉर्सच्या गाड्यांवर होती २० पौंडी तोफ. तिचा व्यास ८४ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर तोंड अडीच मिलिमीटरांहूनही बारीक. दुसरी अडचण चिखलाची. नदीकाठच्या शेतांतून आलेल्या गाडीच्या खालच्या अंगाला ओला, गडद चिखल हवा, वर सुकलेली फिकी धूळ. सगळीकडे एकच तपकिरी फासला, की गाडी लढाईतून नव्हे, रंगाच्या डब्यातून आल्यासारखी दिसते. चाकांभोवतीच्या पट्ट्यांच्या ज्या कडा जमिनीला घासतात, तिथे मात्र पोलाद चमकलं पाहिजे. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळतात.

खरा ‘फामागुस्ता’ आज अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. त्याच शहरातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्येही सेंच्युरियन जवळून पाहता येतो. तिथे जाणाऱ्या मॉडेलवाल्याने फोटो काढावेत ते वेल्डिंगचे, ओतकामाचे, बोल्टांचे आणि पट्ट्यांच्या कड्यांचे. रंगाचे नकोत, कारण प्रदर्शनातल्या गाड्यांवर दरवेळी नवा थर चढतो. रंगासाठी १९७१ चे जुने फोटो शोधावेत. त्यातले बरेच कृष्णधवल असल्याने हिरवा नेमका कोणता, यावरचा वाद संपणारा नाही.